गरम डबा

रोलरमधून इस्त्री होऊन बाहेर येणारी चादर हाताला चटका देते आणि एकटीने तिची घडी कधीच नीट होत नाही. दोघी लागतात. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, चादर ताणायची, एक झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे सरायचं. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, त्यामुळे हे येणं-जाणं सकाळी सुरू होतं ते सुट्टी होईपर्यंत. सुतळी आणि मी अशा कित्येक वर्षं एकमेकींकडे चालत आलो. मी तिला विचारायचे, "तुझा नवरा तरी दिवसातून इतक्यांदा जवळ येतो का गं?" ती म्हणायची, "तो आला की घडी विस्कटते, मावशी."

सुतळी हे नाव मीच ठेवलेलं. बारीक आणि चिवट म्हणून. मला लॉन्ड्रीत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते मी सांगणार नाही. राग माझ्या नाकावरच असतो एवढं सांगितलं की अंदाज येईल. मला भीती वाटली तरी ती रागासारखीच बाहेर येते, आणि त्या वर्षी मी फार रागावले.

सुरुवात स्वेटरपासून झाली. आमच्या खोलीत एका बाजूला रोलर, पलीकडे वाफेच्या इस्त्र्या, आणि भिंतीमागे बॉयलर. थंडीच्या दिवसांतसुद्धा आम्ही घामाने निथळत असतो. तिथे ही बाई स्वेटर घालून उभी. हात लावला तर बोटं गार. चालही मंदावली होती. मी चार पावलं पुढे येऊन टोक हातात धरून उभी राहायचे आणि ती अजून वाटेतच असायची. वर तिचे केस गळायला लागले, आणि दवाखान्याच्या धुतलेल्या चादरीवर केस सापडणं म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा. मी तिला म्हटलं, "सुतळीची रस्सी होत चाललीये. खातेस काय?" ती म्हणाली, "खातच नाही काही. तरी अंग फुगतंय. झोप तर अशी येते की उभ्या उभ्या पडेन."

आणि मग एके दिवशी टोकाला टोक लावताना ती हळूच म्हणाली, "मावशी, दिवस राहिलेत."

लग्नाला किती वर्षं झाली होती, किती डॉक्टर झाले होते, सगळं मला माहीत होतं. माझ्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. चादर जमिनीवर पडली, पुन्हा धुवायला गेली, आणि सुपरवायझर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू रोलरच बंद पडला. मला काय त्याचं. मी तिचे गार हात माझ्या हातात धरून उभी होते.

आनंद आठवडाभर टिकला असेल. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं तेव्हा रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. थायरॉइड, म्हणाली. गळ्यात एक ग्रंथी असते, ती आळशी झालीये.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "अर्ध्या बायकांना असतं ते."

"पोटात बाळ असताना एवढंच नसतं, मावशी." ती चादर ताणून धरून उभी राहिली, झटका द्यायचं विसरून गेली. "ती ग्रंथी जे बनवते ना, त्याच्यावर बाळाचा मेंदू तयार होतो. पहिले तीन महिने बाळाकडे स्वतःचं काहीच नसतं. आईकडून जाईल तेवढंच. आणि माझ्याकडेच नाहीये."

मला ते गणितही उलटं वाटलं. म्हणे अंगात ते कमी पडलं की रिपोर्टातला आकडा वाढतो. तिचा आकडा अडीचच्या आत हवा होता आणि नऊच्या पुढे गेला होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर तासभर चहासुद्धा नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आसपाससुद्धा घ्यायची नाही, ती दुपारनंतर. महिन्याने पुन्हा रक्त.

"मग घे की नीट गोळी," मी म्हटलं. "रडतेस कशाला? औषध आहे ना."

ती रडत नव्हती. ती घाबरली होती, आणि कशाला घाबरली होती ते तिने मला दुपारी जेवताना सांगितलं.

तिच्या आत्याचा एक मुलगा होता. सगळे त्याला राजा म्हणायचे. वयाने तिच्याहून मोठा, पण तिनेच त्याला वाढवलं म्हणायला हरकत नाही. तो उशिरा चालायला लागला, बोलायला लागलाच नाही फारसा. जीभ जाड, आवाज घोगरा, अंगाने ठेंगणा. दिवसभर दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघून हसायचा. सुतळी शाळेतून आली की त्याला भरवायची, त्याचं तोंड पुसायची, त्याच्या चपला उलट्या असतील तर सरळ करायची. त्याला काय झालंय हे घरात कुणी कधी विचारलं नाही. देवाने दिलाय तसा आहे, एवढंच. तो पंचविशीत गेला. आता दवाखान्याच्या बाकावर बसून, भिंतीवर लावलेला थायरॉइडचा मोठा कागद वाचताना तिला एकेक ओळ त्याची वाटली होती.

"माझा जीव होता त्याच्यावर," ती म्हणाली. डबा तसाच उघडा होता. "आणि तरी मी बाकावर बसून म्हणत होते, माझं बाळ राजासारखं नको. मावशी, मी कशी असं म्हणू शकते? तो माझ्याकडे बघून हसायचा ना."

मी तिला म्हटलं, जेव आधी. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

आता गोळीची गंमत बघा. म्हणजे तेव्हा गंमत वाटली होती. सकाळी उठल्या उठल्या तिला कोरड्या उलट्या व्हायच्या. गोळी घेतली की बाहेर. दोन दिवस असं झाल्यावर दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं की पोट शांत झाल्यावर घे, पण घे उपाशीपोटीच. ते पोट शांत व्हायचं लॉन्ड्रीत पोचल्यावर. चालत येताना वारा लागायचा म्हणून असेल. मग तिने गोळ्यांची बाटली डब्याच्या पिशवीतच ठेवायला सुरुवात केली. आली की नळाचं पाणी, एक गोळी, आणि कामाला. चहाची सुट्टी होईपर्यंत तासाहून जास्त वेळ जायचाच. सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याबरहुकूम. मी स्वतः डोळ्यात तेल घालून बघत होते.

आणि तेव्हाच शिट्टीला तिची दया आली.

शिट्टी म्हणजे आमचा बॉयलरवाला. म्हातारा माणूस, दिवसभर भिंतीमागे एकटा. बॉयलरची शिट्टी त्याच्यापेक्षा जास्त बोलते, म्हणून ते नाव. सुतळी मात्र त्याला काका म्हणायची. त्याने पाहिलं होतं की हिला गार जेवण जात नाही, दोन घास घेते आणि तोंडावर हात धरून पळते. तो कुणाला काही बोलला नाही. सकाळी आमच्या सगळ्यांच्या पिशव्या खिळ्यांना लटकलेल्या असायच्या. तो येऊन फक्त तिची पिशवी काढून घ्यायचा आणि बॉयलरच्या वर जी लोखंडी फळी आहे तिथे ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत आणून द्यायचा. डबा उघडला की वाफ यायची. तिला खरंच ते जेवण जायला लागलं.

मी चिडवायचे. "आम्ही इथे इतकी वर्षं गार गिळतोय, आमचा डबा कधी उचलला का म्हाताऱ्याने? पोटात बाळ असल्याशिवाय सोय नाही वाटतं इथे." शिट्टी मान खाली घालून निघून जायचा, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

महिना झाला. रक्त दिलं. आकडा अकरा.

डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. वयाने लहान, दिवसाला शंभर बायका तपासणारी, चिडचिड लपवायलाही वेळ नसलेली अशी ती बाई. तिने विचारलं, चहाबरोबर घेता का? नाही. लोहाच्या गोळीबरोबर? नाही. विसरता का? नाही. "मग वाढायला नको हा," ती म्हणाली, आणि सुतळीकडे बघत राहिली. ते बघणं सुतळी बरोबर घेऊन आली. दिवसभर तिने चादरीवरून माझ्याकडे पाहिलं नाही.

वाढवलेल्या डोसची नवी बाटली आली. नवी बाटली, नवं लेबल. रोज एक गोळी, माझ्यासमोर. पुढच्या महिन्यात आकडा चौदाच्या जवळ.

गोळी वाढतेय आणि आकडाही वाढतोय, हे कुठलं औषध? मी तिच्या नवऱ्यावर चिडले, दवाखान्यावर चिडले, त्या गोळ्या बनवणाऱ्यांवर चिडले. सुतळी चिडली नाही. तिने एक नवी सवय लावून घेतली होती. चादर ताणली की दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून ती खाली बघून पोटाशी ओठातल्या ओठात काहीतरी बोलायची. मी एकदा विचारलं, काय पुटपुटतेस. म्हणाली, "पाढे म्हणते. त्याला ऐकू जात असतील तर."

नवरा तिचा नळजोडणीचं काम करतो. चांगला मुलगा, पण भेदरलेला माणूस चांगला असला तरी काय करेल सांगता येत नाही. एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली, तर तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बाटली उपडी करून गोळ्या मोजत होता. एकेक गोळी बोटाने सरकवत. तिला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"किती निघाल्या?" तिने विचारलं.

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

तो माफी मागायला लागला. मग तो रडायला लागला. तिने मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ती त्याच्यावर संतापली असेल. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ती म्हणाली, "मावशी, जास्त निघाल्या असत्या ना, तर बरं झालं असतं. मी विसरते असं तरी निघालं असतं. मग मी विसरले नसते. पण गोळ्या बरोबर आहेत. मी रोज घेतेय. मग ती जातेय कुठे?"

जातेय कुठे. आतापर्यंत कुणाच्या तरी नावाने बोटं मोडायची सोय होती, तीही गेली. ती स्वतःच्या शरीराकडे असं बघायला लागली की जणू कुणी परकं माणूस घरात घुसलंय आणि बाळाच्या तोंडचा घास काढून घेतंय. पोट दिसायला लागलं होतं. पहिले तीन महिने, ज्यांच्याबद्दल भिंतीवर लिहिलं होतं, ते संपले होते.

पुढच्या खेपेला मी म्हटलं मी येते. सुपरवायझरने डोळे वटारले तेव्हा मी त्याच्यापेक्षा मोठे वटारले. दवाखान्यातून निरोप होता की गोळ्यांची बाटली बरोबर आणा. बहुतेक त्यांनाही मोजायच्या होत्या. नंबर जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा लागला होता, म्हणून आम्ही कामावरूनच निघालो. शिट्टीने पिशवी नेहमीसारखी वर ठेवली होती. मी आत जाऊन ती उतरवली आणि आम्ही जवळजवळ धावतच गेलो. दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे.

बाकावर बसायचीही वेळ आली नाही, आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, डोक्याला हात लावला आणि न बघताच हात पुढे केला. "बाटली द्या."

सुतळीने पिशवीत हात घालून बाटली काढून दिली.

बाईंनी ती घेतली आणि लगेच दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा पहिल्या हातात. "ही गरम का आहे?"

सुतळीला प्रश्नच कळला नाही. "डब्याच्या पिशवीत होती."

"डबा गरम कसा?"

"बॉयलरवर असतो," मी म्हटलं. "आमच्याकडे लॉन्ड्रीत बॉयलर आहे. हिला गार जात नाही ना, म्हणून."

"रोज?"

"रोज."

"बाटलीसकट?"

मी हो म्हटलं आणि म्हणता म्हणताच मला कळलं की मी काहीतरी भयंकर बोललेय. बाईंनी झाकण उघडून एक गोळी तळहातावर घेतली. पांढरी, गोल, साधी गोळी. काही बिघडल्यासारखी दिसत नव्हती. तिने ती आम्हाला दाखवली.

"या औषधाला उष्णता चालत नाही. वाफ चालत नाही. दिसायला गोळी तशीच राहते, आतलं औषध कमी कमी होत जातं." मग ती खुर्चीत मागे टेकली. "मी तुम्हाला सगळं विचारलं. कधी घेता, कशाबरोबर घेता. कुठे ठेवता ते नाही विचारलं."

मी सुतळीकडे पाहिलं. तिचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं होतं. कारण सापडलं होतं. पण तिने बाईंच्या तळहातावरची ती गोळी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"म्हणजे मी रोज," ती म्हणाली. "रोज त्याला रिकामी गोळी देत होते."

"रिकामी नाही." डॉक्टरीणबाई उठून टेबलाच्या या बाजूला आली. तिने तसं कधी केलं नव्हतं. "त्यात काहीच नसतं तर आकडा याहून खूप वर गेला असता. थोडं औषध जात होतं. तुमची ग्रंथीही थोडं काम करते. आणि आता बाळाची स्वतःची सुरू झालीये. आज नवी बाटली घ्या, आधीचा डोस, वाढवलेला नको. घरात गार, कोरड्या जागी ठेवा. गोळी लागेल तेवढी एकच कागदात गुंडाळून नेत जा."

"पण झालेल्या तीन महिन्यांचं काय?"

बाईंनी रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. तिने खोटं बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं. "बहुतेक काही होणार नाही," ती म्हणाली. "पण मी वचन देऊ शकत नाही. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून थोडं रक्त घेतात. तेव्हा कळेल बाळाची ग्रंथी चालतेय की नाही. बाकीचं बाळ मोठं होताना."

बाहेर आलो. मला कुणाला तरी फाडून खायचं होतं. आणि या वेळी माणूस होता. मी म्हटलं, "थांब, त्या शिट्टीला आज ठेवत नाही मी. विचारायला काय झालं होतं त्याला? आगाऊपणा सगळा."

"मावशी, नाही."

"का नाही?"

"त्यांना काय माहीत होतं?"

"तुझ्या पोटातल्या जिवावर बेतलं असतं..."

"मावशी." ती रस्त्यात उभी राहिली. "त्यांना कळलं तर ते जगतील का? मला सांगा."

मी काही कबूल केलं नाही. लॉन्ड्रीत पोचल्यावर ती नळाकडे गेली आणि मी सरळ भिंतीमागे. शब्द तोंडात तयार होते. शिट्टी तिथे नव्हता. निखाऱ्यासारखा गरम वारा आणि ती लोखंडी फळी. फळीवर एका कोपऱ्यात एक जुना टॉवेल होता, फाटका, पण स्वच्छ धुतलेला आणि चौपदरी घडी केलेला. अगदी पिशवीच्या मापाचा. बूड करपू नये म्हणून. मी त्या टॉवेलवर हात ठेवला. कडा अशा जुळवल्या होत्या की मला माझ्या घडीची लाज वाटावी.

तो आला. "जेवली का ती?" त्याने विचारलं. त्याचं माझ्याशी बोललेलं ते बहुतेक पहिलंच वाक्य.

"जेवेल," मी म्हटलं, आणि बाहेर आले.

डबा पूर्वीसारखाच फळीवर जात राहिला. बाटली मात्र तिच्या घरी, कपाटात, नवऱ्याच्या मोज्यांच्या कप्प्यात. महिन्याने आकडा निम्म्यावर आला. त्याच्या पुढच्या महिन्यात तिथे, जिथे असायला हवा. नवऱ्याने लॉन्ड्रीच्या दारात येऊन मला पेढा द्यावा तसा तो रिपोर्ट दाखवला. तिचे हात गरम झाले, स्वेटर गेला, पावलं पहिल्यासारखी पडायला लागली. पण पाढे थांबले नाहीत. मी एकदा म्हटलं, "अगं, आकडा खाली आला ना." ती म्हणाली, "आता आला. तेव्हा नव्हता." पोट एवढं पुढे आलं की चादरीची टोकं जुळवताना ते माझ्या पोटाला लागायचं, आणि आतून कुणीतरी मला लाथ मारायचं. मी म्हणायचे, "बघ, मावशीला ओळखतं." ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मी खरं बोलतेय का ते तपासायला.

मुलगी झाली. दिवस भरून, वजनाने चांगली. मी दवाखान्यात गेले तेव्हा सुतळी तिच्याकडे बघत बसली होती, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. ती आनंदाने बघत नव्हती. ती शोधत होती. जीभ बघत होती, डोळे बघत होती, आवाज घोगरा आहे का ऐकत होती. "फार झोपते, मावशी," ती म्हणाली. "राजा पण फार झोपायचा म्हणे. आत्या म्हणायची, किती गुणी बाळ, रडतच नाही."

"सगळीच झोपतात."

"ही रडत नाही फारशी."

टाचेतून रक्त घेतलं तेव्हा मुलगी थोडी कुरकुरली आणि पुन्हा झोपली. रिपोर्ट यायचा होता. ते दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही, कारण मी माझ्या घरी नुसती भांडत होते. तिचा नवरा रोज दवाखान्यात खेपा घालत होता. शेवटी तो लॉन्ड्रीत आला आणि दारात उभा राहिला. त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला होता. मग तो म्हणाला, "चांगला आहे, मावशी. रिपोर्ट चांगला आहे," आणि तिथेच धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसला.

पण सुतळीचं म्हणाल तर रिपोर्टाने तिची भीती गेली नाही. कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाली होती ना, बाकीचं बाळ मोठं होताना. ते "बाकीचं" तिने मनात धरून ठेवलं होतं.

बाळाने जरा अंग धरल्यावर ती आम्हाला दाखवायला घेऊन आली. सगळ्या रोलर सोडून धावल्या. सुपरवायझर ओरडलाही नाही. गर्दी ओसरल्यावर शिट्टी आला. हातात एक टॉवेल, नवा, फळीवर ऊन केलेला. तो पुढे धरून उभा राहिला.

सुतळीने टॉवेल घेतला. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, बाकी कुणाला नाही. तिने तो आधी स्वतःच्या गालाला लावला. मग मनगटाला. मग पुन्हा गालाला. बराच वेळ. मला वाटलं ती परत देईल. पण तिने मुलीला त्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "घ्या, काका."

त्याने घेतलं. म्हातारा लाकडासारखा ताठ उभा राहिला, श्वास घ्यायला घाबरत. थोड्या वेळाने म्हणाला, "ती तुझी बाटली नंतर दिसली नाही पिशवीत."

"मी रोज सरळ उभी करून ठेवायचो," तो म्हणाला. "आडवी पडून झाकण उघडलं तर गोळ्या सांडतील म्हणून. बाळाच्या गोळ्या होत्या ना त्या?"

सुतळीने बाळाच्या अंगावरचा टॉवेल नीट केला.

"हो, काका," ती म्हणाली. "बाळाच्याच होत्या. एकही सांडली नाही."

तेवढ्यात भिंतीमागे बॉयलरची शिट्टी वाजली. आमच्या कानांना ती कधीच ऐकू येत नाही, इतकी सवय झालीये. मुलगी दचकली. दोन्ही हात टॉवेलमधून बाहेर फेकले गेले, चेहरा लाल झाला, आणि तिने असं भोकाड पसरलं की इस्त्रीवाल्यांनी माना वळवल्या. शिट्टी कावराबावरा झाला, बाळ माझ्याकडे द्यायला लागला. मीही पुढे झाले, तिला गप्प करायला.

सुतळीने माझा हात धरून मला थांबवलं. ती रडत होती.

"राहू दे, मावशी. जरा रडू दे तिला," ती म्हणाली. "बघा ना कशी घाबरलीये."